इन्सुलिन मी भरलं, खुलासा सिस्टरकडे मागितलाय. आता काय करू?

रात्रपाळीची_इंटर्न (सोमवार, रात्री ९:४०)

इथे डॉक्टर आणि नर्सिंगवाले बरेच आहेत, म्हणून लिहितेय. पुण्यातल्याच एका ट्रस्टच्या कॉलेजात इंटर्नशिप चालू आहे, सध्या मेडिसिन. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

गेल्या गुरुवारची नाईट. मेल वॉर्ड, तीस खाटा भरलेल्या आणि खाली गाद्यांवर आणखी पाच जण. त्यातले एक आजोबा वेल्ह्याकडचे, पासष्टीचे, पायाची जखम चिघळलीय म्हणून ॲडमिट. शुगर आटोक्यात येईना, म्हणून संध्याकाळच्या राउंडला झोपताना ग्लार्जिन, म्हणजे लांब चालणारं इन्सुलिन, १६ युनिट लिहिलं गेलं. वॉर्डात ग्लार्जिन नव्हतं. नातवाने बाहेरच्या मेडिकलमधून बाटली आणून दिली.

साडेदहाला कॅज्युअल्टीतून धाप लागलेला एक पेशंट वर आला आणि सिस्टर एकट्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही तिकडे बघा, इन्सुलिनं मी देते." ट्रेमधली लाल टोपणाची सिरिंज घेतली, १६ च्या रेघेपर्यंत भरली, पोटावर दिलं. नंतर ट्रीटमेंट शीटवर टिक आणि सही सिस्टरनी केली. त्यात विशेष काही नाही, आमच्याकडे सगळ्याच सह्या त्याच करतात.

साडेतीनला नातू धावत आला. "मॅडम, आजोबा मला वळखंनात." जाऊन बघते तर सदरा पिळून काढावा इतका भिजलेला, हात गार, आणि मला विचारतायत, "शेवंता, गुरं सोडली का गं?" ग्लुकोमीटरवर शुगर ४१, म्हणजे धोक्याइतकी कमी. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, शंभर मिलीची बाटली अख्खी दिली. पाच-दहा मिनिटांत डोळे स्थिर झाले आणि म्हणाले, "च्या मिळंल का?" रडायलाच आलं होतं, पण नातू समोर उभा होता.

इथपर्यंत मला वाटत होतं की आजोबा जेवले नसतील. खरंच अर्धीच भाकरी खाल्ली होती. पण पाच वाजता शुगर परत ६२. एवढं ग्लुकोज जाऊन परत खाली का येतेय? तेव्हा कुठे बाटली हातात घेऊन नीट वाचली. १०० आययू प्रति मिली, म्हणजे एका मिलीत शंभर युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते. तिच्यावरची १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली. शंभरच्या बाटलीतलं ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. मोबाइलवर तीनदा गुणाकार केला. पाचवीतल्या पोराला येईल असं गणित.

ड्युटीवरच्या रेसिडेंट सरांना लगेच सांगितलं. ते आदल्या दिवशी सकाळपासून उभे होते. त्यांनी दहा टक्के डेक्स्ट्रोज लावलं, ग्लार्जिन चोवीस तास अंगात राहतं म्हणून शुक्रवारी रात्रीपर्यंत तासातासाला शुगर बघायला लावली. त्यात तसूभर कसूर नाही. फक्त केसपेपरवर लिहिलं, "जेवण कमी झाल्याने शुगर कमी." मला म्हणाले, "पेशंट बरा आहे ना? मग तोंड बंद ठेव. मीही शिकलोय असंच."

मी बंद ठेवलं. शनिवारपासून ग्लार्जिन १० युनिटवर पुन्हा सुरू झालं, तेव्हा नारिंगी टोपणाच्या दहा सिरिंज स्वतःच्या पैशाने आणून आजोबांच्या औषधांच्या डब्यात ठेवल्या. कुणाला एक अक्षर न बोलता. चोरासारखं.

आज कळलं की इनचार्ज सिस्टरनी त्या रात्रीच्या सिस्टरकडे लेखी खुलासा मागितलाय. शीटवर सही त्यांची, "शुगर न तपासता इन्सुलिन कसं दिलं?" शुगर तपासली होती हो, १९० होती, मीच तपासली होती, फक्त लिहायची राहिली. दुपारी त्या जिन्यात भेटल्या. काही म्हणाल्या नाहीत. "जेवलीस का?" विचारलं आणि खाली गेल्या.

आता यातली गंमत ऐका. सेकंड इयरला पीएसएमवाल्यांनी (सामुदायिक वैद्यक विभाग) आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. सव्वीस विधानं, प्रत्येकापुढे सात गोल. चूक आपल्या हातून झाली तर कळवाल का, पेशंटला सांगाल का, अशा धर्तीची. मी सगळीकडे "पूर्णपणे सहमत" रंगवून दहा मिनिटांत कँटीन गाठलं होतं. त्याच वर्षी, २०२२ मध्ये, १७ सप्टेंबरच्या जागतिक रुग्ण सुरक्षा दिनाचा विषय औषधांतली सुरक्षितता हाच होता. माझ्या पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं. पोस्टरवर काय होतं? इन्सुलिनची सिरिंज. देवाशप्पथ.

उद्या आजोबांना डिस्चार्ज आहे. आता बोलले तर प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशनला, म्हणजे इंटर्नच्या तात्पुरत्या नोंदणीला, काही होतं का? इंटर्नशिप वाढवतात का? आणि बोलायचं तर आधी कुणाशी? आमच्या युनिटचे सर राउंडला केसपेपर फेकतात, हे लक्षात ठेवून सांगा.

---

स्टेथो_विकणे_आहे (९:५८)

काही करू नकोस. पेशंट चालत घरी जातोय, तू चालत पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाला जा. हे हरिश्चंद्राचे प्रयोग करायला आख्खं आयुष्य पडलंय. एकदा कागदावर "माझ्या हातून" असं लिहिलंस की तो कागद तुझ्या आधी कोर्टात पोचतो. नवीन न्याय संहितेचं कलम १०६ वाचलंयस का?

आणि सिस्टरचं म्हणशील, तर त्यांना मेमोची सवय असते. फाईलला लागतो आणि विसरतात.

---

निवृत्त_इनचार्ज (१०:२५)

वरच्या डॉक्टरसाहेबांना आधी सांगते. मेमोची सवय कुणालाही होत नाही. चौतीस वर्षं नोकरी केली, तीन मेमो मिळाले, तिन्हींच्या तारखा आज झोपेतून उठवलंत तरी सांगेन. त्यातले दोन माझे नव्हते.

आता तुला, पोरी. तू मदतीला धावलीस, ही चूक नव्हे. तुझ्याजागी दुसरी असती तर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली असती. चूक दोन ठिकाणी झाली आणि दोन्ही रोज होतात. एक, बाटली न वाचता हाताला आली ती सिरिंज घेतली. दुसरी, दिलं एकीनं आणि सही केली दुसरीनं. आम्हाला शिकवताना पाच गोष्टी घोकून घ्यायचे: पेशंट बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. सहावं आमच्या ट्यूटरबाईंचं होतं, जो टोचेल तोच सही करेल. तुझ्या सिस्टरनी सही केली ती तुझ्यावर विश्वास टाकून, आणि तोच विश्वास आज खुलाशाच्या कागदावर आलाय.

माझीही ऐक. एकोणनव्वद-नव्वदची गोष्ट, मी स्टाफ होते. अँटिबायोटिकची पूड पाण्यात कालवायची असायची, म्हणून ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्या. त्याच ट्रेच्या दुसऱ्या कप्प्यात पोटॅशियम क्लोराइडच्या. दोन्ही दहा मिलीच्या, दोन्ही पाण्यासारख्या नितळ. एका विद्यार्थिनीनं पोटॅशियमची कुपी फोडून सिरिंजमध्ये ओढली होती. पेशंटच्या हाताला लावणार, एवढ्यात मी रिकामी कुपी बघितली. कशी बघितली? माझी पेन्सिल खाली पडली, ती उचलायला वाकले. एवढंच. दहा मिलीत वीस मिलिइक्विव्हॅलंट, आणि ते सरळ शिरेत. त्या माणसाचं हृदय तिथल्या तिथे थांबलं असतं.

मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं. आधी ओरडल्या, अगदी भिंतीला कान असतील तर फाटावेत अशा. मग दोन दिवसांनी पोटॅशियम ट्रेमधून गेलं आणि कपाटात कुलुपात आलं. कुलूप कुणामुळे आलं? त्या मुलीमुळे. ती गप्प बसली असती, तर पुढच्या वेळी पेन्सिल पडलीच असती असं नाही.

म्हणून क्रम सांगते. उद्या सकाळी आठला तुझ्या त्या सिस्टरना ड्युटी सुटताना गाठ. युनिटच्या सरांकडे त्याच्यानंतर जायचं, आधी नाही. सर केसपेपर फेकतील, फेकू देत, कागद लागत नाही.

---

न्यायवैद्यकवाला (११:०५)

फॉरेन्सिक शिकवतो, त्यामुळे कलमं फेकली की माझं डोकं उठतं.

भारतीय न्याय संहितेतलं १०६ हे निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर. डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत, इतरांना पाच वर्षांपर्यंत. इथले आजोबा चहा मागतायत. शिवाय २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि त्याआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. नुकसानभरपाईचं प्रकरण वेगळं. ते १९९५ पासून ग्राहक कायद्याखाली येतं आणि त्यात इंटर्नपेक्षा हॉस्पिटल पुढे असतं.

मला काळजी त्या "जेवण कमी झाल्याने" या ओळीची वाटते. ती अर्धी खरी आहे, म्हणूनच वाईट. वर्गात मी दरवर्षी पुण्याचंच एक प्रकरण शिकवतो. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीत घालून घाटातून पुण्याला आणला. इथल्या एका सर्जननी भूल न देता, माणसं लावून, हाड ओढून बसवलं. मुलगा त्याच रात्री गेला. डॉक्टरांचं म्हणणं, फॅट एम्बोलिझम, म्हणजे रक्तात चरबी अडकून मृत्यू. कोर्टानं ते मानलं नाही, धक्क्यानं मृत्यू धरला. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन डॉक्टर हरले, आणि डॉक्टरची कर्तव्यं कोणती यासाठी तो निकाल आजही वाचून दाखवतात. पोरं नोट्समध्ये फक्त कर्तव्यं उतरवतात. मी त्यांना विचारतो, मुलाच्या वडिलांना पंधरा वर्षं कोर्टात कशानं उभं ठेवलं असेल? मला वाटतं, न पटलेल्या कारणानं. पुरावा नाही माझ्याकडे, बाप म्हणून वाटतं.

आता कामाचं. केसपेपरवरची ती ओळ खोडायची नाही, पांढरी शाई नाही, पान बदलायचं तर अजिबात नाही. खाली आजची तारीख, आजची वेळ टाकून नवीन नोंद करायची: अमुक रात्री अमुक सिरिंजने १६ ऐवजी अंदाजे ४० युनिट गेलं, हे अमुक वेळी लक्षात आलं, हे उपचार केले. विशेषणं नकोत, रडगाणं नको. आणि सहकाऱ्याचं नाव "यांनी सांगितलं म्हणून" अशा थाटात घालू नका. नातेवाइकांनी कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, हे तुमच्या सरांना माहीत असतंच. तो कागद उद्या नातवाच्या हातात आहे असं समजून लिहा.

प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन एवढ्यानं जात नाही. पोस्टिंग वाढवू शकतात. वाढवली तर करा.

---

घावनवाली_पीएसएम (११:३०)

ती सव्वीस विधानांची प्रश्नावली ओळखीची आहे, एपीएसक्यू, रुग्ण सुरक्षेबद्दल काय वाटतं ते तपासणारी. ब्रिटनमध्ये तयार झालेली, नऊ भागांत विभागलेली. मी पीजीला आहे आणि अशा फॉर्मांचे गठ्ठे स्वतः गोळा केलेत. सेकंड इयरची मुलं तू रंगवलंस तसंच रंगवतात. थांबतात ती एकाच ठिकाणी: ज्या चुकीने काही नुकसान झालं नाही, तीही कळवायची का? तिथे पेन टोचत बसतात, शेजारच्याच्या कागदात डोकावतात. आणि "अनुभवी डॉक्टरही चुकतात" याला सगळे हो म्हणतात, मनात मात्र "मी सोडून".

जेम्स रीझन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं भोकाच्या चीजचं चित्र तुम्हाला दाखवलं असेल. मी कोकणातली, मला ते चीज कधी पटलं नाही. घावन घ्या. प्रत्येक घावनाला जाळी पडतेच. एकावर एक पाच रचली तर आरपार दिसत नाही. पण कधीतरी भोकावर भोक येतं. आता तुझ्या रात्रीची घावनं मोज. वॉर्डात ग्लार्जिन नाही, म्हणून बाटली बाहेरून. ट्रेमध्ये एकाच रंगाच्या सिरिंज, कारण वॉर्डातल्या बाटल्या ४० च्या. पस्तीस पेशंटना एक सिस्टर. रेसिडेंट आदल्या सकाळपासून उभा. आजोबांची अर्धी भाकरी. आणि शेवटचं घावन तू. भोक तुझ्यातही होतंच, नाही म्हणत नाही. पण खुलासा मागितलाय तो फक्त सिस्टरच्या घावनाकडे, तेही चुकीच्या प्रश्नावर.

तुमच्याकडे इन्सिडंट फॉर्म असेल, झालेली चूक कळवायचा. क्वालिटीवाल्यांच्या केबिनबाहेर पेटी असते बघ, जिची किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच माहीत नसतं. पेटीत टाकू नकोस, माणसाच्या हातात दे.

---

स्टेथो_विकणे_आहे (११:४१)

घावन, पेन्सिल, टॅक्सी. सगळं छान आहे. उद्या सर तिला पोस्टिंगमधून हाकलतील तेव्हा यातलं कुणी बरोबर येणार आहे का?

---

नऱ्हेकर (रात्री १२:१०)

मी मेडिकलमधला नाही, बँकेत आहे. वडिलांना इन्सुलिन चालू असल्यामुळे हे पान वाचतो. लहान तोंडी मोठा घास घेतोय.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना अशीच शंभरची बाटली लिहून दिली होती. पहिल्या सिरिंज हॉस्पिटलच्या दुकानातून आल्या, त्या बरोबर होत्या. त्या संपल्यावर मी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो आणि म्हटलं, "इन्सुलिनची सुई द्या." त्यानं लाल टोपणाची दिली. मी काय बघणार? रेघा होत्या, आकडे होते. त्यानंतर वडील पहाटे उठून डबे उघडायला लागले. आई म्हणायची, म्हातारपणी जिभेचे चोचले आलेत. एकदा देवापुढची खडीसाखर खाल्ली म्हणून घरात भांडण झालं. दीड महिना हे चाललं. मग चेकअपला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सिरिंज दाखवा म्हटलं, उजेडापुढे धरली आणि मला खाली बसायला सांगितलं.

तुम्ही सगळे कोर्ट, रजिस्ट्रेशन, सही यावर बोलताय. माझा साधा प्रश्न आहे. ती बाटली नातवाने विकत आणली, म्हणजे उद्या घरी जाणार ना? मॅडमनी दहा नारिंगी सिरिंज ठेवल्या, शनिवारपासून काही वापरल्या गेल्या. उरलेल्या सात-आठ आठवडाभरात संपतील. मग वेल्ह्याच्या मेडिकलमध्ये तो मुलगा काय मागेल? माझ्यासारखंच, "इन्सुलिनची सुई द्या." दहा युनिट भरताना पंचवीस जातील, तिथे रात्री साडेतीनला ग्लुकोमीटर कोण घेऊन येणार आहे?

---

रात्रपाळीची_इंटर्न (१२:२२)

नऱ्हेकर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार दिवस फक्त माझंच काय होईल एवढाच विचार करत होते. डिस्चार्ज कार्ड मीच लिहिलंय. "इन्सुलिन ग्लार्जिन १० युनिट रात्री." सिरिंजबद्दल एक शब्द नाही.

---

निवृत्त_इनचार्ज (१२:३०)

झोप आता. साडेसातला उठ.

---

रात्रपाळीची_इंटर्न (शुक्रवार, सकाळी १०:१५)

काय झालं ते सांगते, क्रमाने जमेल तसं.

मंगळवारी पावणेआठलाच पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. सिस्टर आल्या, डोक्याला स्कार्फ, गाडीची किल्ली हातात. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "खुलासा मी कालच देऊन आले. 'नजरचुकीने झाले' असं लिहिलं." मी म्हटलं, पण तुमच्याकडून काहीच झालं नव्हतं. तर म्हणाल्या, "मला काय माहीत काय झालं ते. सही माझी होती. दोन पोरांच्या फिया आहेत, भांडत कोण बसणार?"

मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्कार्फ सोडला, गाडीच्या डिकीत टाकला आणि म्हणाल्या, "चल वर." नाईट करून परत जिना चढल्या.

इनचार्ज सिस्टर मला कमी आणि त्यांना जास्त बोलल्या, सहीवरून. निवृत्त सिस्टर, तुमचं सहावं वाक्य जवळजवळ शब्दशः ऐकायला मिळालं. खुलासा त्यांनी परत दिला नाही, पण त्याला माझं पत्र जोडून घेतलं.

सरांनी केसपेपर फेकला नाही. आधी वाचला. रेसिडेंट सरांना आत बोलावलं, दार लावलं, आत काय झालं माहीत नाही. ते बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता टेबलाशी बसले आणि तारीख-वेळ टाकून नवीन नोंद लिहिली. जुनी ओळ तशीच ठेवली. माझी मेडिसिनची पोस्टिंग पंधरा दिवस वाढलीय. इन्सिडंट फॉर्म क्वालिटीच्या मॅडमच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "हा भरायचा असतो हे कुणी सांगितलं तुला?" घावनवाली, मी तुमचं नाव सांगू शकले नाही, मला माहीतच नाही.

आता आजोबा. ते व्हरांड्यात बाकावर बसले होते, पायाला बँडेज, शेजारी पिशवी, नातू बिलाच्या रांगेतून नुकताच आलेला. सर सोबत होते, पण बोलायचं मी, असं ठरलं होतं. मी सांगितलं की त्या रात्री जेवणामुळे नाही, इन्सुलिन जास्त गेल्यामुळे तसं झालं, आणि ते मी भरलं होतं. नातवाचा चेहरा उतरला. "म्हणजे शुक्रवारपासनं तुमाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तो पिशवी तिथेच टाकून जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. नंतर केसपेपरची प्रत हवी म्हणाला. सरांनी लगेच देतो सांगितलं.

आजोबा काहीच बोलले नाहीत. मी दोन्ही सिरिंज काढल्या, लाल आणि नारिंगी. दोन्हींत पाणी १६ च्या रेघेपर्यंत ओढलं आणि स्टीलच्या डब्याच्या झाकणात शेजारी शेजारी सोडलं. लाल टोपणाचं पाणी पसरून काठापर्यंत गेलं, नारिंगीचं थेंबासारखं मध्येच बसून राहिलं. आजोबांनी खिशातून चष्मा काढला, दोन्ही सिरिंज डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ फिरवत होते. मग म्हणाले, "रेघा तर सारख्याच दिसत्यात की गं. मला बी नसतं कळलं." मला धीर द्यायला म्हणाले की नुसतं आपलं म्हणाले, ठाऊक नाही. नातू तोपर्यंत परत आला होता. त्याने झाकणाचा फोटो काढला. डिस्चार्ज कार्डावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "फक्त नारिंगी टोपण, १०० ची सिरिंज", आणि खाली त्याच्याकडूनही एकदा लिहून घेतलं. बाटलीला नारिंगी चिकटपट्टी गुंडाळली. दुकानात तीच दाखवायची, असं सांगितलं. त्याने मान डोलावली. थँक्यू वगैरे म्हणाला नाही, आणि कशाला म्हणेल?

काल परत नाईट होती. ट्रेमध्ये आता दोन खोकी आहेत, हातमोज्यांच्या खोक्यासारखी, पुठ्ठ्याची. एकावर ४०, दुसऱ्यावर १००, सिस्टरच्या अक्षरात. त्या अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. अकराच्या सुमाराला अकरा नंबरच्या पेशंटला इन्सुलिन द्यायचं होतं. मी भरलं, त्यांनी बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन वाचली, मी टोचलं. मग त्यांनी ट्रीटमेंट शीट माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं.

---

निवृत्त_इनचार्ज (१०:४०)

सही वाचता येईल अशी करत जा. तुम्हा डॉक्टरांचं काही सांगता येत नाही.